दुबार पेरणीचं बियाणं

सॅन होजेहून दक्षिणेला गिलरॉयपर्यंत यायचं आणि तिथून पूर्वेला वळायचं, की थोड्या वेळात पाचेको खिंड लागते. खिंड उतरली की उजव्या हाताला सॅन लुईस धरणाचं पाणी आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्याचं मैदान दिसतं. शनिवारी इथून जाणारे बहुतेक लोक योसेमिटीच्या घाईत असतात. या खिंडीच्या पायथ्याची एकोणिसाव्या शतकातली तीन वर्षं मात्र माझ्या डोक्यात बरेच महिने ठाण मांडून बसली आहेत: 1862, 1864 आणि 1868.

पहिल्या दोन वर्षांचा साक्षीदार विल्यम ब्रूअर. राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणासाठी तो चार वर्षं कॅलिफोर्नियाभर खेचरांवरून हिंडला आणि भावाला लांबलचक पत्रं लिहीत राहिला. त्या पत्रांचं पुढे 1930 मध्ये पुस्तक झालं. शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे जमीन आणि चारा याकडे त्याचं बारीक लक्ष असतं. 1861 च्या डिसेंबरपासून 1862 च्या जानेवारीपर्यंत इथे इतका पाऊस झाला की मध्य खोऱ्याचं तळं झालं. राजधानी सॅक्रामेंटोत नवा गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेला. आपल्या भाषेत ओला दुष्काळ. त्या वर्षी ब्रूअरचा तळ खिंडीच्या पायथ्याशी सॅन लुईसच्या रँचवर पडला होता, आणि आजूबाजूला हिरवी कुरणं होती.

त्यानंतर लागोपाठ दोन हिवाळे कोरडे गेले. 1864 च्या जूनमध्ये ब्रूअर त्याच रँचवर परत आला, तेव्हा जमीन उघडी पडली होती आणि धूळ उडत होती. घरामागच्या डबक्यापाशी तीनेकशे गुरं मरून पडल्याचं त्याने लिहिलं आहे. पुढे मैदानातही तेच चित्र होतं.

आणि चार वर्षांनी, 1868 च्या एप्रिलमध्ये, त्याच खिंडीतून एक एकोणतीस वर्षांचा स्कॉटिश तरुण पायी उतरला. जॉन म्यूर. पुढे राष्ट्रीय उद्यानांचा मोठा पुरस्कर्ता म्हणून जग त्याला ओळखू लागलं, पण तेव्हा तो कारखान्यातलं काम सोडून भटकायला निघालेला एक कुशल यंत्रकारागीर होता. (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) आधीच्या हिवाळ्यात पाऊस भरपूर झाला होता. म्यूरला खिंडीतून जे दिसलं त्याबद्दल तो आयुष्यभर लिहीत राहिला: क्षितिजापर्यंत फुलं, मुख्यतः पिवळी. मैदान ओलांडताना दर पावलाला ती पायाखाली येत होती. नंतर त्याने तिथल्या एका चौरस यार्डातली फुलं मोजली. सूर्यफुलाच्या कुळातल्या एकेका बोंडात शेकडो बारीक फुलं असतात; ती धरून आकडा लाखाच्या वर गेला. हिशेब ठेवायची ही हौस मला समजते.

जिथे 1864 मध्ये गुरं उपासमारीने मेली, तिथे 1868 मध्ये पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. मग मधल्या काळात ही फुलं होती कुठे?

हा प्रश्न मला पडला तो 2022 मध्ये. इथला पाऊस नोव्हेंबर ते मार्च असा पडतो. त्यामुळे 'कोरडा हिवाळा' हे शब्द महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसे भीतीदायक वाटणार नाहीत, आपला हिवाळा कोरडाच असतो. त्याचा खरा अर्थ 'पावसाळा वाया गेला' असा घ्यायचा. 2021 च्या ऑक्टोबरात इथे एक जबरदस्त पाऊस झाला, डिसेंबरमध्येही बरा झाला, आणि मग आभाळ बंद झालं. 2022 चे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे कॅलिफोर्नियाच्या नोंदींमधले सर्वांत कोरडे ठरले. ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं एकच, यंदा फुलांना जाण्यात अर्थ नाही.

माझं माहेर आटपाडीचं, म्हणजे माणदेशातलं. पाऊस चांगला सुरू होऊन मग दडी मारतो म्हणजे काय होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मृगाच्या पहिल्या सरीवर, वाफसा आला म्हणून, घरातलं सगळं बियाणं ज्याने पेरलं, त्याचं उगवून जळतं. दुबार पेरणीला त्याच्याकडे दाणा उरत नाही. माझे आजोबा बाजरीचं बियाणं कधीच सगळं एकदम काढत नसत. आजी म्हणायची, म्हाताऱ्याचा आभाळावर विश्वास नाही. म्हाताऱ्याचं उत्तर असं की आभाळाने तरी कधी कुणाचा विश्वास सांभाळलाय.

कॅलिफोर्नियाच्या माळावर हे दोन्ही प्रकारचे शेतकरी आहेत. पैकी एक परदेशातून आलेला आहे. तो कसा आला, हा या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

1769 मध्ये स्पॅनिश लोक इथे वस्ती करायला आले. पुढच्या अर्धशतकात त्यांनी किनाऱ्यालगत एकवीस मिशनं बांधली. इमारती कच्च्या विटांच्या. चिखलात काड, गवत, जे हाताशी असेल ते मिसळून थापलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या. बर्कलीचे संशोधक जॉर्ज हेंड्री यांच्या लक्षात आलं की वीट कधी थापली हे ठाऊक असेल, तर तिच्यातलं गवत त्या वर्षीचं आहे. त्यांनी जुन्या विटा पाण्यात विरघळवल्या आणि आतले बी-दाणे निवडून ओळखले. 1931 मध्ये त्यांनी याविषयीचा निबंध छापला. माझ्या धंद्यात आम्ही सर्व्हरचे लॉग वाचून कोणती गडबड कधी सुरू झाली ते शोधतो. हेंड्रींनी तेच काम भिंतीवर केलं. जसजशी वीट अलीकडची, तसतशी तिच्यात भूमध्य समुद्राकाठची तणं वाढत जातात.

काही तणं सर्वांत जुन्या विटांमध्येही सापडली. म्हणजे मिशनं उभी राहायच्या आधीच ती इथे पोचलेली होती. त्यातलं एक फिलरी. त्याच्या बीला स्क्रूसारखं पीळ पडलेलं कुसळ असतं. दमट हवेत पीळ उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि असं करत करत बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. माळावरून आल्यावर परकराला चिकटलेली कुसळं काढत बसण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे तण जग कसं फिरलं ते सांगायला नको. सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाच्या गाळातही त्याचे परागकण 1769 च्या आधीच्या थरांत मिळाले आहेत. माणसांच्या आधी त्यांचं तण पोचलं. आपल्याकडे उलट दिशेने असंच झालं. अमेरिका खंडातलं गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्यात दिसू लागलं आणि आता मराठवाड्यापर्यंत कुठलाही बांध त्याच्यावाचून नाही.

फिलरीमागून रानटी ओट आले, मग ब्रोम गवताच्या जाती आल्या. गुरं-मेंढ्यांचे कळप वाढले, त्यांच्याबरोबर बी वाढलं. आधीच्या जमिनीचा कारभार ओलोनी, योकुट्स आणि इतर मूळ रहिवासी बघत होते. ते ठरावीक काळाने माळ पेटवत, आणि चियासारख्या रानफुलांचं बी गोळा करून, भाजून, दळून खात. म्हणजे ज्याला आपण रानफुलं म्हणतो, ते काही अंशी त्यांचं धान्य होतं. 1793 च्या मे महिन्यात गव्हर्नर आरियागाने फतवा काढून हे पेटवणं बंद केलं. या फतव्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत एखादी ओळ असते. मला वाटतं, फुलांच्या इतिहासात त्याची जागा म्यूरच्या पुढे आहे.

एक जुना वादही इथे सांगायला हवा. मूळ कॅलिफोर्नियाचा माळ म्हणजे झुबक्यांनी वाढणारं देशी गवत, असं विसाव्या शतकात फ्रेडरिक क्लेमेंट्स या पर्यावरणशास्त्रज्ञाने मांडलं आणि ते बराच काळ चाललं. त्यातलं एक गवत 2004 पासून 'राज्याचं गवत' म्हणून मिरवतं. 2008 मध्ये भूगोलाचे अभ्यासक रिचर्ड मिनिक यांनी स्पॅनिश रोजनिशांपासून पुढचं सगळं लिखाण तपासून उलट मत मांडलं: खोऱ्याच्या बऱ्याच भागात गवताचा नव्हे, फुलांचाच माळ होता, आणि तो परदेशी गवताने गिळला. गवताबद्दल दोघांपैकी कोण किती बरोबर हे ठरवायला मी कोण? पण ज्यांनी जमीन चालून लिहिलं त्यांच्या शब्दांवर मिनिक भर देतात, आणि ब्रूअर-म्यूर एकामागोमाग वाचल्यावर माझा कल त्यांच्याकडे झुकतो.

आता पुन्हा बियाण्याकडे. हे परदेशी गवत म्हणजे पहिल्या सरीवर सगळं पेरून मोकळा होणारा शेतकरी. ऑक्टोबरचा पाऊस पडला की त्याचं जवळजवळ सगळं बी एकदम उगवतं. पाऊस टिकला तर ते फुलांच्या डोक्यावरून वाढतं, वाळतं, आणि त्याच्या वाळक्या थराखाली पुढच्या वर्षीची फुलं गुदमरतात. पाऊस दडी मारून बसला तर गवत बी धरण्याआधीच जळतं, आणि जमिनीत मागे फार काही उरत नाही. देशी फुलझाडांचं बी मात्र थोडं उगवतं, बाकीचं वर्षानुवर्षं पडून राहतं. किती बी उगवावं आणि किती मागे ठेवावं, याचं गणित डॅन कोहेन यांनी 1966 मध्ये मांडलं. पाऊस जितका बेभरवशाचा, तितकं जास्त राखून ठेवणं फायद्याचं. हे गणित आजोबांना आवडलं असतं. वाळवंटी फुलांचं बी तर त्याहून चिकट. फ्रिट्स वेंट यांनी प्रयोग करून दाखवलं की माती खालून भिजवली तरी ते हलत नाही, वरून पुरेसा पाऊस पडलेला त्याला लागतो.

जमिनीतल्या या साठ्याला इंग्रजीत 'सीड बँक' म्हणतात. मला आमच्या जुन्या वाड्यातलं पेव आठवतं. उत्तर कॅलिफोर्नियात, एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीलगत मॅकलॉफलिन नावाचं विद्यापीठाचं राखीव क्षेत्र आहे. 2012 पासूनच्या मोठ्या दुष्काळात संशोधकांनी तिथलं पेव उघडून मोजलं. दुष्काळात परदेशी गवताचं बी घटलं होतं आणि देशी फुलांचं वाढलं होतं. त्याच राखीव क्षेत्रात दीड दशक केलेल्या मोजणीत मात्र जमिनीच्या वर दिसणाऱ्या फुलांच्या जाती कोरड्या हिवाळ्यांबरोबर कमी होत गेल्या. पहिली बातमी सांगून दुसरी लपवणं मला पटत नाही. पेवात धान्य असलं तरी ते कायमचं टिकत नसतं, किडतं, उंदीर खातात.

2022 च्या एप्रिलात मी पाचेको खिंडीत थांबले. उतारावरचं गवत तेव्हाच वाळून पिवळं पडलं होतं, आणि फूल म्हणून दिसलं ते फिलरीचं. मग त्याच महिन्यात सॅन होजेच्या कायोटी रिजवर, वाटाड्याबरोबर जाणाऱ्या एका गटात नाव नोंदवलं. ही टेकडी सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकाची. त्याच्या मातीत मॅग्नेशियम जास्त, कॅल्शियम आणि नायट्रोजन कमी. परदेशी गवताला ती मानवत नाही, देशी फुलांनी तिच्याशी जमवून घेतलेलं आहे. म्हणून म्यूरच्या काळातला माळ अशा टेकड्यांवर तुकड्यातुकड्याने उरला.

तिथे फुलं होती. चादर वगैरे नव्हती. ओणवं होऊन बघावं लागत होतं. गोल्डफील्ड्स नावाची पिवळी फुलं एरवी वीतभर उंच होतात, ती बोटाच्या एका पेराएवढी होती. एक देठ, दोन पानं, एक फूल. जवळच पांढऱ्या कडेची पिवळी टायडी-टिप्स, तीही तशीच खुजी. पाणी संपत आलंय हे कळल्यावर झाडाने वाढण्याचा नाद सोडला होता आणि थेट बी धरायला घेतलं होतं. गवत विरळ असल्यामुळे मधली माती दिसत होती, आणि त्यामुळेच ही बारीक फुलंही दिसत होती. पुढच्या वर्षी पाऊस धो धो झाला, तेव्हा मी पाचेकोला पुन्हा गेले. उतारावर कमरेएवढं गवत होतं, सगळं हिरवंगार. फोटोत फार सुंदर आलं. त्यात एक देशी फूल शोधायला मला अर्धा तास लागला.

कायोटी रिजची एक गोष्ट राहिली. इथे चेकरस्पॉट नावाचं एक दुर्मीळ फुलपाखरू आहे, आणि त्याच्या अळ्या इथल्याच एका बारक्या देशी रोपावर वाढतात. 1999 मध्ये स्टुअर्ट वाइस यांनी दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून या टेकड्यांवर उतरतो आणि नापीक मातीला आयतं खत मिळतं. मग परदेशी गवत इथेही चढतं. जिथे गुरं चरायची बंद केली, तिथे गवत माजलं, ते रोप दडपलं आणि फुलपाखरू नाहीसं झालं. जिथे गुरं चरत राहिली, तिथे टिकलं. ज्या जनावरांच्या कळपांबरोबर हे गवत या मुलुखात पसरलं, ती आता ते खाऊन फुलांची जागा मोकळी ठेवतात.

त्या दिवशीही कुंपणापलीकडे काळ्या गाई चरत होत्या. खाली 101 नंबरचा हायवे वाहत होता, रोज सकाळी मी त्याच रस्त्याने ऑफिसला जाते. वाटाड्याने सांगितलं म्हणून परत निघताना सगळ्यांनी बूट-मोजे झटकले. माझ्या मोज्यात दोन कुसळं निघाली, पिळाची.