पायाखालचे शहर : जपानी काइजू-कथेची सात दशके

जपानी भाषेत ‘काइजू’ म्हणजे विचित्र पशू; शहरे तुडवीत जाणाऱ्या महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांनाही पुढे हेच नाव पडले. या कथा काळानुसार अधिकाधिक गडद होत गेल्या असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांचा उगमच काळोखात आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली, त्यांपैकी एक त्याच सप्टेंबरमध्ये दगावला, आणि नोव्हेंबरमध्ये अशाच चाचण्यांमुळे जाग्या झालेल्या महाकाय प्राण्याची कथा सांगणारा, इशिरो होंडा दिग्दर्शित ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. रुग्णालयात दाटीने निजवलेले जखमी आणि किरणोत्सार मोजण्याचे यंत्र लावून तपासले जाणारे मूल दाखवून या चित्रपटाने प्राण्याच्या पायाखाली सापडलेल्या माणसाला कथेच्या केंद्रस्थानी ठेवले.

साठच्या दशकात हा माणूस पडद्यावरून हळूहळू दिसेनासा झाला. १९६२ मध्ये गोजिराची किंग काँगशी झुंज विनोदी ढंगाने रंगवली गेली, १९६४ पर्यंत तो पृथ्वीचा रक्षक होऊ लागला, आणि १९६६ व १९६७ च्या चित्रपटांत कथानक बेटांवर गेल्यामुळे तुडवायला शहरच उरले नाही. बालप्रेक्षकांसाठी रचलेल्या चित्रपटांच्या या काळातही १९७१ च्या ‘हेदोरा’ने औद्योगिक प्रदूषणाचे बळी दाखवले, हा महत्त्वाचा अपवाद होय.

१९८४ च्या ‘गोजिरा’ने मधले सर्व भाग बाजूला सारून, शीतयुद्धाच्या छायेत, मूळ भयाशी पुन्हा नाते जोडले, परंतु खरी प्रौढता शुसुके कानेको यांच्या चित्रपटांत दिसते. त्यांच्या १९९९ च्या ‘गामेरा’पटातील मुलगी मुलांचा मित्र म्हणून लोकप्रिय झालेल्या गामेरा या महाकाय कासवाचा द्वेष करते, कारण त्याच्याच लढाईत तिचे आईवडील चिरडले गेलेले असतात; रक्षकाच्या विजयाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न येथे थेट विचारला गेला. २००१ च्या चित्रपटात त्यांनी गोजिराला प्रशांत महासागरातील युद्धात मेलेल्यांच्या विस्मृत आत्म्यांचे रूप दिले, तर २०११ च्या त्सुनामी व फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर, २०१६ मध्ये आलेल्या ‘शिन गोजिरा’ने बैठकांत अडकलेल्या शासनयंत्रणेची चिकित्सा केली.

या वाटचालीचे मर्म दोन शेवटांच्या तुलनेत सापडते. १९५४ मध्ये शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या संहारक शोधाचे रहस्य सोबत घेऊन समुद्रतळाशी प्राण देतो. २०२३ च्या ‘गोजिरा मायनस वन’मध्ये मात्र आत्मघाती मोहिमेतून मागे फिरल्याची अपराधी भावना वाहणाऱ्या वैमानिकाच्या विमानात त्याला बाहेर फेकणारे आसन बसवलेले असते. पहिल्या कथेने बलिदानाला वंदन केले. सत्तरीला टेकलेल्या या परंपरेने माणसाचे जगणे हेच अधिक अवघड कर्तव्य मानले, आणि तिची प्रौढता पडद्यावरच्या अंधारापेक्षा या निर्णयात आहे.