टाइपरायटरपाशी अडलेला नकार

१९८४ साली इंग्लंडमधल्या सॉल्फर्डच्या एका आरोग्य केंद्रात एका सेक्रेटरीने पत्र टाइप करायला नकार दिला. गर्भपाताच्या निर्णयासाठी पेशंटला स्पेशालिस्टकडे पाठवायचं ते पत्र होतं. ती कॅथलिक होती. तिची नोकरी गेली आणि ती कोर्टात गेली.

तिचा आधार होता १९६७चा गर्भपात कायदा. त्याचं चौथं कलम म्हणतं, सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर या उपचारात ‘सहभागी’ होण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. पण बाईचा जीव वाचवायचा असेल किंवा गंभीर, कायमची इजा टाळायची असेल, तर ही सवलत लागू नाही.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८५३पासून बाळांना देवीची लस सक्तीची होती. न टोचणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा, तो न भरणाऱ्यांना तुरुंगही. १८८५मध्ये लेस्टर शहरात याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८च्या कायद्याने अशा पालकांना सूट दिली. ‘कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर’ हा शब्द तेव्हा रूढ झाला. युद्धाला नकार देणाऱ्यांना तो चिकटला नंतर, पहिल्या महायुद्धात.

१८९८मध्ये नकार होता उपचार घेणाऱ्या बाजूचा. १९६७मध्ये तो देणाऱ्यांचा झाला. गुंता इथेच आहे, कारण देणारा नाही म्हणाला की अडते ती समोरची पेशंट.

१९८८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की पत्र टाइप करणं म्हणजे सहभाग नव्हे. २०१४मध्ये ग्लासगोच्या दोन सुईणींचा खटला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात पोचला. इतरांना ड्यूटी लावणं, देखरेख करणं हाही सहभागच, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, नाही. सहभाग म्हणजे प्रत्यक्ष हाताने केलेलं काम. न्यायमूर्ती लेडी हेल यांनी हेही नोंदवलं की नकार देणाऱ्याने पेशंटला दुसऱ्याकडे पाठवायलाच हवं.

आपल्या १९७१च्या गर्भपात कायद्यात असं स्वतंत्र कलमच नाही.

मी कोड लिहितो. तो कुणाच्या आयुष्यात काय करतो, हे बहुतेकदा मला दिसतही नाही. म्हणून ती सेक्रेटरी मला परकी वाटत नाही. मनाची टोचणी हात किती लांब आहे हे बघत नाही. तरी निकाल मला पटतो. साखळीतल्या प्रत्येकाला थांबायचा हक्क दिला, तर शेवटी उभ्या असलेल्या बाईपर्यंत काहीच पोचणार नाही.