लोखंडी बुटांचा रेडकॅप

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, लिड्सडेल खोऱ्यात, हर्मिटेज हा दगडी किल्ला उभा आहे. गुरं पळवणं, गावं जाळणं, सूड उगवणं हे या मुलखात शतकानुशतकं चाललं. रक्त सांडलेल्या तिथल्या पडक्या बुरुजांत रेडकॅप नावाचा राक्षस राहतो, असं लोक सांगत. १८६६ साली विल्यम हेंडरसन यांनी लोककथांच्या पुस्तकात त्याचं रूप नोंदवलं: बुटका, दणकट म्हातारा, पुढे आलेले दात, गरुडासारखी नखं, लालभडक डोळे, पायांत लोखंडी बूट, हातात भाला. आसऱ्याला आलेल्या वाटसरूला मारून त्याचं रक्त टोपीत धरायचं, हा त्याचा उद्योग. माणसाच्या बळाला तो दाद देत नाही. पण बायबलमधलं वचन कानी पडलं की किंकाळी फोडून गडप होतो आणि मागे एक मोठा दात टाकून जातो.

हर्मिटेजचा रेडकॅप म्हणे विल्यम डी सूलिस या सरदाराच्या पदरी होता. त्याच्या कृपेने सरदाराला शस्त्र लागेना, म्हणून लोकांनी त्याला शिशात गुंडाळून उकळलं! इतिहास बराच मिळमिळीत आहे. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्याविरुद्धच्या १३२० च्या कटात सूलिस सापडला आणि कैदेत मेला. आज दिसणारा किल्लाही बहुतांशी त्याच्या पश्चातला. या दंतकथेवर जॉन लेडन यांनी रचलेलं काव्य वॉल्टर स्कॉट यांच्या सीमाप्रदेशातील पोवाड्यांच्या संग्रहात आलं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. खेळाडूंना झुंजायला सतत नवे राक्षस लागत, आणि लोककथांवर कुणाची मालकी नव्हती. रेडकॅप तिथूनच खेळात आला; इंग्लंडमधल्या लेस्टरची पोरं खाणारी, लोखंडी नखांची ब्लॅक ॲनिसही अशीच आली.

२०१६ च्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ या खेळाच्या पुस्तकातल्या रेडकॅपची टोपी तीन दिवस रक्तावाचून राहिली तर तो नाहीसा होतो. भाल्याच्या जागी विळा आला. बुटांचा तर नियमच झाला: चालताना त्याला लपतछपत जाणं कठीण. बायबलचं वचन गेलं, ते समजण्यासारखं आहे. एका ओळीत राक्षस पळाला तर खेळायचं काय? पण बुरुज सुटला हे खटकतं. जुन्या रेडकॅपपासून वाचायचं तर त्या पडक्या वास्तूत रात्र काढायची नाही, एवढं पुरे होतं. खेळातला रेडकॅप रक्त सांडेल तिथे उगवतो, आणि ४५ हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, संपले की मरतो.