नकाशावरची रेघ आणि घरातली भाषा

एखाद्या भाषेला राज्यमान्यता मिळाली की तिचा प्रश्न सुटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत पारखून घ्यायची असेल, तर आयर्लंडच्या इतिहासाकडे वळावे, असे मला वाटते. आयरिश गेलिक भाषेला तेथे १९२२ च्या राज्यघटनेने राष्ट्रभाषा म्हटले आणि १९३७ च्या घटनेने पहिली अधिकृत भाषा ठरवले. यापेक्षा मोठा मान कोणता?

पण हा मान मिळाला तेव्हा देशातल्या बहुतेक घरांतून ती भाषा निघून गेली होती. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून होते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढची चार-पाच वर्षे भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे दगावली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. यात पश्चिमेकडची गोरगरीब गेलिकभाषक कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. जे उरले, त्यांचा हिशेब साधा होता. पोराला अमेरिकेत पोट भरायचे, तर त्याला इंग्रजी यायला हवी.

नव्या सरकारने १९२५ मध्ये एक आयोग नेमला. गेलिकभाषक मुलुखाला आयरिश लोक ‘गेल्टाक्त’ म्हणतात. जेथे शंभरातले ऐंशी किंवा अधिक लोक गेलिक बोलतात तो अस्सल गेल्टाक्त आणि जेथे पंचवीस ते एकोणऐंशी बोलतात तो मिश्र, अशी वाटणी आयोगाने केली. नकाशावर रेघ उमटली. पुढे १९३० च्या दशकात गेलिक बोलणाऱ्या घरांना शाळकरी मुलामागे वर्षाला दोन पौंड अनुदानही सुरू झाले. मात्र रेघेच्या आतली जमीन खडकाळच राहिली आणि तरुणांची वाट बोटीकडेच जात राहिली.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो राथ कार्न या गावाचा प्रसंग. कॉनेमारा भागातले काही गावकरी १९३४ साली सायकली मारत थेट राजधानी डब्लिनला गेले. आम्हाला भाषेचे कौतुक नको, कसायला जमीन द्या, हा त्यांच्या मागणीचा अर्थ होता. १९३५ मध्ये सत्तावीस कुटुंबांना मीथ या पूर्वेकडच्या सुपीक परगण्यात घरे आणि प्रत्येकी सुमारे बावीस एकर जमीन मिळाली. आसपासच्या लोकांना हे उपरे नकोसे होते. तरीही ती माणसे एकाच भागातून, एकमेकांना धरून आलेली असल्याने त्यांची बोली तगली. जवळच वसवलेल्या बेले गिब या गावात निरनिराळ्या परगण्यांतली कुटुंबे एकत्र आणली गेली. त्यांच्या बोली जुळेनात आणि इंग्रजीच मधली भाषा झाली. राथ कार्नला तरी सरकारी मान्यता कधी मिळाली? १९६७ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी, आणि तीही गावकऱ्यांनी चिकाटीने मागितल्यावर!

नभोवाणीची कथाही अशीच आहे. १९६९ मध्ये गेल्टाक्तच्या तरुणांनी नागरी हक्कांची चळवळ उभारली. सरकार गेलिक केंद्र काढीत नाही, हे पाहून १९७० च्या ईस्टरला त्यांनी विनापरवाना प्रक्षेपण केले. २ एप्रिल १९७२ रोजी सरकारी ‘रेडिओ ना गेल्टाक्ता’ सुरू झाले. दूरदर्शन वाहिनीला मात्र १९९६ साल उजाडावे लागले.

२००७ मध्ये आयरिश युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली. २०१२ च्या कायद्याने नुसत्या जुन्या रेघेवर विसंबणे सोडून प्रत्येक भागातल्या लोकांनीच आपला भाषा-आराखडा करावा, असे ठरवले. शेजारच्या स्कॉटलंडनेही २००५ च्या कायद्यानंतर २०२५ मध्ये आपल्या गेलिकला अधिकृत दर्जा दिला आणि गेलिकभाषक भाग वेगळे नेमण्याची सोय केली.

आता आकडा पाहू. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडच्या गेल्टाक्तची लोकसंख्या होती १,०६,२२०. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले २०,२६१. शंभर वर्षांच्या राजमान्यतेनंतरची ही स्थिती आहे. आज तेथल्या तरुण जोडप्यांची मुख्य तक्रार व्याकरणाची नाही, आपल्याच गावात परवडणारे घर मिळत नाही ही आहे.

म्हणून मान्यता निरर्थक होती, असे मी म्हणणार नाही. तिच्यावाचून राथ कार्नला शाळेसाठी, रस्त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहता आले असते? पण जेथे मान्यता भाषेला मिळाली आणि ती बोलणाऱ्याच्या चुलीपर्यंत पोचली नाही, तेथे ती कागदावरच राहिली. राथ कार्नच्या माणसांनी आधी जमीन मागितली आणि मग दर्जा. तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)