आमामी ओशिमा : काळा ससा आणि मुंगसाचा हिशेब

आमामी ओशिमा हे जपानच्या दक्षिणेकडील, क्युशू आणि ओकिनावा यांच्या दरम्यानचे बेट. क्षेत्रफळ सुमारे ७१२ चौरस किलोमीटर. ते कागोशिमा प्रांतात येते. अक्षांश जवळजवळ दिल्लीचाच. मात्र कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह आणि भरपूर पाऊस यांमुळे येथील डोंगर बाराही महिने हिरवे असतात.

वनस्पती

डोंगरांवर सदाहरित जंगल आहे. ओलसर ओढ्यांकाठी माणसाहून उंच वृक्षनेचे वाढतात आणि सुमियो येथे नदीच्या मुखाशी कांदळवन आहे. आपल्याकडे बागेत शोभेसाठी लावतात ते सायकस येथे उतारांवर सर्वत्र दिसते. ते विषारी असते. तरीही त्यातील विष काढून त्याचे पीठ लोकांनी दुष्काळात खाल्ले आहे.

काळा ससा

आमामीचा ससा गडद रंगाचा, आखूड कानांचा आणि आखूड पायांचा असतो. जगात तो फक्त आमामी ओशिमा आणि शेजारचे तोकुनोशिमा या दोनच बेटांवर आढळतो. मादी पिल्लाला वेगळ्या बिळात ठेवते, बिळाचे तोंड मातीने लिंपून बंद करते आणि एक-दोन रात्रींआड येऊन, माती उकरून त्याला दूध पाजते. जाताना बीळ पुन्हा बंद करते. सशाला येथे मुख्य धोका सापाचा. मांस खाणारा सस्तन प्राणी या बेटावर मुळात नव्हताच.

मुंगूस कसे आले?

बेटावर हाबू नावाचा अत्यंत विषारी साप आहे. साप-मुंगसाचे वैर आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. जपानमध्येही याच भरवशावर १९१० साली प्राणिशास्त्रज्ञ शोझाबुरो वातासे यांनी गंगेच्या मुखाकडील प्रदेशातून मुंगूस आणून ओकिनावात सोडले. पुढे १९७९ मध्ये सुमारे ३० मुंगूस आमामीत सोडण्यात आले.

एक साधी गोष्ट नजरेतून सुटली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ क्वचितच पडे. मुंगसाच्या तावडीत सापडले ते ससे, काटेरी उंदीर, बेडूक आणि जमिनीवर वावरणारे पक्षी. २००० च्या सुमारास मुंगसांची संख्या १०,००० च्या घरात गेल्याचा अंदाज होता.

चुकीची दुरुस्ती

जपानच्या पर्यावरण खात्याने २००० पासून निर्मूलनाची मोहीम घेतली आणि २००५ मध्ये त्यासाठी खास पथक उभे केले. जंगलात सुमारे ३०,००० सापळे लावले, कॅमेरे बसवले, वास घेणारे कुत्रे तयार केले. शेवटचे मुंगूस एप्रिल २०१८ मध्ये सापडले. त्यानंतर सहा वर्षे पाहणी चालली आणि ३ सप्टेंबर २०२४ रोजी बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर झाले. दरम्यान, २०२१ मध्ये या बेटाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला होता.

जमाखर्च मांडायचा तर असा : सोडले सुमारे ३०, पकडावे लागले सुमारे ३२,००० आणि व्यवहार मिटायला ४५ वर्षे लागली.

सशांची संख्या आता सावरली आहे, पण मोकाट मांजरे आणि रात्रीची वाहने हे धोके कायम आहेत. ससा पाहायला जाणाऱ्यांनी रात्री जंगलातील रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवावी. ससा मोकळ्या जागेत चरायला रस्त्यावरच येतो.