हिरवा पट्टा : रंग आणि मालकी

लंडनभोवतीचा हिरवा पट्टा म्हणजे निसर्गप्रेमाचे स्मारक, असे आपण सहज धरून चालतो. एबेनेझर हॉवर्ड यांच्या १८९८ च्या उद्याननगरीत ६,००० एकरांपैकी ५,००० एकर शेती होती आणि सारी जमीन विश्वस्तांकडे. वाढत्या भाड्याचा लाभ रहिवाशांनाच मिळावा, हा तिचा गाभा. १९३८ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्था निदान जमिनी विकत घेऊन राखीत. १९४७ च्या नियोजन कायद्याने बांधकामाला परवानगी आवश्यक झाली आणि खरेदीची गरजच उरली नाही. रंग टिकला, मालकी गळाली! रेमंड विल्यम्स यांचे ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) वाचताना आम्ही हा नकाशा शेजारी ठेवतो. त्यातील बहुतेक हिरवळ खासगी आहे; गोल्फची मैदानेही तीतच मोडतात.