दादर पारसी कॉलनी : भिंत नसलेली वसाहत

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांचे भयावह वास्तव उघडे पडले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने मग उत्तरेस दादर-माटुंगा हे उपनगर आखले.

अभियंते मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टचे मन वळवून तेथील १०३ भूखंड मध्यमवर्गीय पारशांसाठी राखून घेतले. रुंद रस्ते, ठेंगण्या इमारती, दुतर्फा झाडे. मात्र इतर पारशी बागांसारखी भोवती भिंत नाही.

१९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे १ लाख १२ हजार पारशी होते. २०११ मध्ये ५७,२६४ उरले. उशिरा होणारे किंवा न होणारे विवाह आणि घटलेला जन्मदर ही त्यामागील प्रमुख कारणे. साथीपासून माणसे वाचावीत म्हणून वसलेल्या या कॉलनीपुढे आज प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा.